नळीतला वारा

आमच्या गावाच्या खालच्या टोकाला, नळ योजनेचा पाईप जिथे संपतो तिथे, माझ्या बायकोने लावलेली कागदी लिंबाची बाग आहे. ती गेली त्याला अजून वर्ष झालं नाही. या उन्हाळ्यात ती झाडं जगतात की वाळतात, एवढाच माझ्यापुढे प्रश्न होता. गावापुढे, सरकारपुढे मोठे प्रश्न असतील. माझा एवढाच. आणि तो सोडवायला गेलो तेव्हा माणसांची जी तऱ्हा बघितली तिची अजून किळस येते, म्हणून लिहायला बसलो. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. लिहिण्यात चुकलं असेल तर वाचणाऱ्याने सुधारून घ्यावं. घडलं ते मात्र सुधारू नये.

आमचं गाव पांझरेच्या काठचं. आमच्याकडे पूर्वी फड होते. ज्यांनी फड बघितले नाहीत त्यांना आधी ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. नदीवर जुना दगडी बंधारा. कुणी बांधला ते कुणाला ठाऊक नाही. ज्याला विचारावं तो आपल्याच पणजोबाचं नाव सांगतो. बंधाऱ्यातून पाट निघतो आणि पाटाखालच्या सगळ्या जमिनीचे चार मोठे तुकडे पाडलेले. एक तुकडा म्हणजे एक फड. एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं. आणि खरी गोष्ट पुढे आहे. गावातल्या प्रत्येक घराची पट्टी प्रत्येक फडात होती. मोठ्या खातेदाराची रुंद, माझ्यासारख्याची गाडीवाटेएवढी. पण चारही फडांत.

पाणी कमी असलं की आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बंधाऱ्यावर बैठक बसायची आणि यंदा कोणता फड कोरडा ठेवायचा ते ठरायचं. फड कोरडा राहिला की त्यातली पाटलाची पट्टीही कोरडी आणि माझीही कोरडी. मोठ्याचं मोठं नुकसान, लहानाचं लहान. म्हणून बैठकीत कुणी लबाडी करायला धजत नसे. दुसऱ्याला बुडवावं तर आपलीही पट्टी तिथेच होती. माणसं काही देवमाणसं नव्हती. माझा बाप आणि त्याचा चुलतभाऊ बांधावरून कुऱ्हाडी घेऊन उभे राहिलेले मी पाहिलेत. पण पाण्यावरून नाही. पाण्याला हात लावायचा तो पाटकऱ्याने. गावाने नेमलेला माणूस, त्याला सगळे मिळून धान्य द्यायचे. पाटाची दारं तोच उघडणार, तोच लावणार. कुणी आपल्या हाताने पाणी वळवलं तर त्याला भर बैठकीत उभं करत, आणि तो पुढे कित्येक दिवस मान खाली घालून हिंडे.

बायको लग्न होऊन आली ती भडगावकडची. तिच्या माहेरी कालवा होता, साहेबाने सोडलं की पाणी यायचं. आमच्याकडचं बघून तिला नवल वाटलं. मला म्हणाली, "तुमना गावना लोक पाणीले लाजतस." मी म्हणालो, लाजत नाहीत, भितात. तेव्हा हसलो होतो. आता वाटतं, तिचंच बरोबर होतं. लाज होती. भीती तर अजूनही आहे, पण ती आता वेगळ्याच गोष्टींची.

मग वरच्या अंगाला धरण झालं, नदीचं पाणी घटलं. साखर कारखाना आला तेव्हा सगळ्या फडांत ऊस घालायची घाई झाली. कारखाना बंद पडला. धुराडं अजून रस्त्यावरून दिसतं, त्यावर कबुतरं बसतात. त्यातून काही शिकावं की नाही? पण नाही. कुणीतरी मोठं काहीतरी आणून देईल आणि आपण रातोरात बागाईतदार होऊ, हे खूळ आमच्या डोक्यातून जात नाही. जळगावकडच्या केळीवाल्यांचे बंगले बघून आलेला एकेक जण गावात येऊन असा बोलायचा, जणू बंगला त्याचाच.

अशात माझ्या चुलतभावाच्या मुलाने नळ योजना आणली. वयाने माझ्याहून कितीतरी लहान, पण अख्खा गाव त्याला भाऊ म्हणतो, म्हणून मीही भाऊच म्हणतो. बैठकीत तो शुद्ध बोलतो, काम असलं की अहिराणीत येतो. त्याने गावाला समजावलं. उघड्या पाटात अर्धं पाणी मुरतं, उडून जातं. बंद नळीतून आणलं की थेंब वाया जाणार नाही, आणि प्रत्येकाच्या बांधावर त्याचा स्वतःचा वॉल येईल. वॉल म्हणजे पाणी सोडायची-बंद करायची कळ. पाटकऱ्याच्या तोंडाकडे बघायला नको, बैठका नकोत. हे लोकांना फार आवडलं. स्वतःचा वॉल.

फक्त एक अट होती. चार फडांत चार पट्ट्या असतील तर एका घराला चार वॉल लागतील, ते परवडणार नाही. म्हणून अदलाबदल करून प्रत्येकाने आपली जमीन एका जागी घ्यायची. मग वरचा तुकडा कोणाला आणि टोकाचा कोणाला? भाऊ म्हणाला, लोकवर्गणी भरायचीच आहे, ज्याची जास्त त्याने आधी निवडावं. झालं. बंधाऱ्याजवळची काळी जमीन वरच्यांनी घेतली आणि टोकाला आम्ही. आखाजीच्या दिवशी बंधाऱ्यावर नारळ फोडून ही अदलाबदल झाली, तोंडी. आमच्याकडे फडाची गोष्ट कधी कागदावर नव्हती, म्हणून हीही कागदावर घ्यायचं कुणाला सुचलं नाही. सातबाऱ्यावर पट्ट्या जुन्याच राहिल्या, कसायला मात्र प्रत्येकाचा नवा तुकडा. आता परत फिरावं म्हटलं तर वरचा विचारतो, कोणती अदलाबदल?

मला पैशातलं फार कळत नाही. पण तेव्हा एक गोष्ट डोळ्यांनी दिसली. पूर्वी दुष्काळ आला की तो सगळ्यांच्या वावरात यायचा. त्या दिवशी वरच्यांनी आपल्या वाट्याचा दुष्काळ आमच्या टोकाला विकला, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. श्रीमंती म्हणजे काय, हे मोठी माणसं मोठ्या पुस्तकांत लिहीत असतील. मला विचाराल तर, आपल्या नशिबात आलेलं वाईट दुसऱ्याच्या बांधावर नेऊन टाकता येणं, ही श्रीमंती. बाकी बंगला, गाडी हे दिसण्यापुरतं.

बायकोने तेव्हाच विरोध केला होता. बायकांना बैठकीत कोण विचारतं? घरी येऊन मला म्हणाली, "वरलास्ना वॉल त्यास्ना हातमा. त्या बंद करतीन का?"

मी म्हणालो, ठरलंय, पाळीने बंद करायचे.

"ठरेल शे!" ती म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

उद्घाटन दणक्यात झालं. मांडव, कमान, फेटे. पाहुण्यांना मुद्दाम टोकाला आणलं, कारण टोकाला पाणी आलं म्हणजे योजना खरी. माझ्याच बांधावरचा वॉल निवडला. बायकोने त्याला हळदीकुंकू लावलं. पाहुण्याने चाक फिरवलं आणि पाणी असं उसळलं की त्याच्या पांढऱ्या कपड्यांवर तांबडा गंज उडाला. बायको पदर तोंडाला लावून हसली. लोक नाचले. मीसुद्धा नाचलो असेन. संध्याकाळी कळलं, त्या दिवशी भाऊची माणसं वरच्या प्रत्येक वॉलपाशी उभी केली होती, कुणी उघडू नये म्हणून. सगळे वॉल बंद होते म्हणून टोकाला पाणी आलं. म्हणजे योजना खोटी नव्हती. माणसांनी हात आवरला तर ती चालत होती. हेच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकाने आपापला वॉल उघडला आणि उघडाच ठेवला. नळी कधी भरलीच नाही. आमच्या पाळीला बायको वॉलपाशी जाऊन बसली. चाक फिरवलं, फुस्स आवाज झाला. तिने नळीच्या तोंडाशी हात धरला.

"पाणी नही," ती म्हणाली. "वारा ई राह्यना. हात लाई दखा, कसा थंडा शे."

मी हात लावला. खरंच, थंड वारा.

टोकाच्या बाकीच्यांनी कपाशी घातली आणि आभाळाकडे बघत बसले. बायकोने लिंबं लावली. लिंबाला पाणी कमी लागतं, एवढंच तिचं गणित. नदीच्या वाळूत झिरा काढून हंड्याने पाणी घालायची. लोक हसायचे. एक जण म्हणाला, "वहिनी, लोणचंनी फॅक्टरी टाकतस का?" ती म्हणाली, "टाकसू ना. पहिलं तुनं डोकं मुरावसू." पुन्हा कुणी चेष्टा केली नाही. झाडं धरली. तिसऱ्या-चौथ्या वर्षी फुलली. पाचोऱ्याला लेकीकडे पहिल्या लिंबांची पिशवी तिने स्वतः पोचवली, बसमध्ये मांडीवर घेऊन.

मग ती गेली. हिवाळ्यात सकाळी चूल पेटवताना बसली ती उठली नाही. हृदय, असं डॉक्टरने सांगितलं. हंडे वाहण्याच्या कष्टाने ती गेली असं मी म्हणणार नाही. लोक म्हणतात, मी म्हणत नाही. पण तिच्या मागे झिऱ्यावर मी गेलो तेव्हा एक हंडा घेऊन वर चढताना मला तीनदा बसावं लागलं. ती कशी चढायची ते मी कधी उभं राहून बघितलं नव्हतं.

उन्हं तापली तशी झाडांची पानं गुंडाळायला लागली. झिरा आटला. आखाजी आली. त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात; सकाळी तिची पहिली घागर भरली. सणापुरत्या आलेल्या सुनेने पुरणपोळी केली, घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. मी पाणी ओतलं आणि मनात आलं, हिला पाणी पाजतोय आणि हिची झाडं तहानली आहेत. जेवण गेलं नाही. उठलो आणि बैठकीला गेलो. बैठक अजून होते, सवयीने.

मी उभा राहून म्हणालो, "जुना पाट साफ करा आणि एकदाच पाणी सोडा. बंधाऱ्यात पाणी आहे. टोकाला एक पाळी मिळाली तरी आमचं भागतं. पाटात फक्त वेड्या बाभळी आहेत, मी स्वतः कुऱ्हाड घेतो."

मग मागून एक आवाज आला, "नाना, काकूनी लिंबूकरता बठ्ठा गाव पाट खोदी का?" आणि हसले. तिची पहिली घागर भरून काही तास झाले होते, आणि हसले.

भाऊ शुद्ध बोलायला लागला. म्हणाला, पाटाला पाणी सोडता येणार नाही. दुसऱ्या टप्प्याचा प्रस्ताव गेलाय. टेकडीवर मोठी टाकी होणार, मग टोकापर्यंत जोरात पाणी येईल. पण प्रस्तावात लिहून दिलंय की पाट कायमचा बंद आहे. पाहणीला साहेब आले आणि पाट वाहताना दिसला तर म्हणतील, जुन्याने भागतंय, नवीन कशाला?

"म्हणजे टाकी मिळावी म्हणून आम्ही वाळायचं?" मी विचारलं.

"थोडे दिवस, नाना."

मी टोकाच्या माणसांकडे बघितलं. त्यांची कपाशी दर वर्षी जळते. म्हटलं, हे तरी बोलतील. माझ्या शेजारच्या वावराची अक्का आहे, माझ्यासारखीच एकटी. तिच्याकडे बघितलं तर तिने पदर ओढला आणि हळूच म्हणाली, "नाना, तोंड बंद ठेवा. टाकी व्हई गयी म्हणजे आपलेबी पाणी भेटी."

"भेटी!" मी म्हणालो. "वॉल लागना तवयबी भेटनारच व्हतं!"

हात वर करायला सांगितले. पाट उघडू नये म्हणून सगळ्यांचे हात वर गेले. टोकाच्यांचे सगळ्यात आधी. मला वरच्यांचा राग आला, पण किळस आली ती आमच्या लोकांची. ज्याच्या घशाला कोरड पडलीय तोच पाण्याच्या विरोधात हात वर करतो, कारण त्याला उद्या टाकी मिळणार आहे.

थोड्या दिवसांनी भाऊ मोटारसायकलवर घरी आला. चहा मागून घेतला. आणि अहिराणीत बोलायला लागला तेव्हाच मी ओळखलं.

"नाना, तुम्ही आम्हना मोठा माणूस. पाहणी लागनी. टोकले एकतरी हिरवं वावर दिसाले पाहिजे, आणि टोकले झाडं फक्त तुमनी शेतस."

"वाळेल शेतस ती."

"टँकर धाडी देस ना मी. दोन टँकर."

ज्या झाडांना पाणी नको म्हणून सगळ्या गावाने हसून हात वर केले, त्यांना आता पाणी मिळत होतं. अट एवढीच की ते नळीतून आलं असं दिसायला हवं. नाही म्हणावं तर झाडं जातात. हो म्हणावं तर मी त्यांच्यातलाच एक. बायको असती तर काय केलं असतं, याचा मी सगळा दिवस विचार केला. मला वाटतं तिने भाऊला दारातच चार शिव्या दिल्या असत्या आणि पाणी घेतलं असतं. तिला झाडांपुढे दुसरं काही सुचत नसे. मी हो म्हणालो. शिव्या मात्र मला जमल्या नाहीत, आणि ते अजून खटकतं.

टँकर आला. ड्रायव्हरने रस्त्याकडच्या पहिल्या ओळीच्या आळ्यांत पाणी सोडलं आणि नळी गुंडाळायला लागला.

"मागच्या ओळी?" मी विचारलं.

"माले रोडनी ओळ सांगेल शे, बाबा. फोटोमा तीच येस."

मी जाऊन टँकरच्या पुढच्या चाकासमोर मातीत बसलो. म्हणालो, मागची ओळ भिजल्याशिवाय गाडी हलणार नाही, हलवायची तर माझ्यावरून हलव. त्याने हॉर्न वाजवला, भाऊला फोन लावला, मला म्हातारा, येडा, काय काय म्हणाला. मी बसून राहिलो. शेवटी त्याने नळी मागे नेली. दुसऱ्या दिवशी दुसरा टँकर आला तेव्हा तोच ड्रायव्हर न सांगता मागच्या ओळीला आधी गेला.

पानं उघडली. आठवड्याभरात बाग अशी उजळली की रस्त्याने जाणारा थांबून बघे. जी लिंबं सुकून गळतील असं वाटत होतं ती रसाने फुगली. आणि पाहणीच्या आदल्या दिवशी भाऊच्या माणसांनी बागेत एक लोखंडी फलक रोवला. योजनेचं नाव, त्याखाली "लाभार्थी शेतकरी", त्याखाली माझं नाव. तिचं नाही. एकेक रोप तिने लावलं, आणि फलकावर मी. मी फलकाकडे पाठ करून बसलो.

साहेब आले. जीपमधून उतरले, घाम पुसला. तरुण होते, बोलायला चांगले. सोबत लिहून घेणारा एक जण आणि भाऊचे चार-पाच. फोटो झाला. मला फलकाशेजारी उभं केलं, मी उभा राहिलो. मग साहेबांनी विचारलं, "काय आबा, योजनेचं पाणी कसं आहे?"

भाऊ माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "साहेब, हे योजनेचं पाणी नाही. टँकरचं आहे. नळीतून वारा येतो. हवं तर हात लावून बघा."

भाऊचा चेहरा पडला. मला वाटलं, आता काहीतरी होईल. आयुष्यात एकदा खरं योग्य माणसापुढे बोललो असं वाटलं.

साहेब हसले. रागाने नाही, चांगलं हसले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "आबा, मला माहीत आहे. सगळीकडे टँकरच असतो. म्हणून तर टाकी हवी." मग बागेकडे बघून म्हणाले, "पण झाडं जगली ना?"

समोर ती उभी होती, हिरवीगार. खोटं मला बोलता आलं नाही. "जगली," मी म्हणालो.

साहेबांनी लिहिणाऱ्याला खूण केली. त्याने लिहून घेतलं. काय लिहिलं ते त्याने मोठ्याने वाचलं सुद्धा: योजनेमुळे फळबाग जगल्याचे शेतकऱ्याने स्वतः सांगितले. भाऊ परत हसायला लागला. मी म्हणालो, असं मी बोललो नाही. पण तोवर सगळे जीपकडे वळले होते.

मी वळून बघितलं तर भाऊची माणसं पहिल्या ओळीतली लिंबं तोडत होती. एका पिशवीत भरून जीपच्या मागच्या सीटवर ठेवायला निघाली होती, साहेबांना घरी न्यायला. कच्ची, पिकी, हाताला येईल ती, देठासकट ओरबाडून. तेव्हा मात्र माझा तोल गेला. बैठकीत जे जमलं नाही, घरी चहा पिताना जे जमलं नाही, ते त्या पिशवीवर झालं. मी धावलो आणि पिशवी ओढली. तो माणूस सोडेना. "नाना, येडा व्हयनात का? साहेबसले शेतस!" पिशवी फाटली आणि लिंबं रस्त्याच्या धुळीत गेली.

"साहेबांच्या बापाची आहेत का?" मी ओरडलो. "लावणारी मेली, तिला विचारलं का कुणी?"

साहेबांनी काच वर केली. भाऊ काही बोलणार होता, पण साहेबांसमोर नको म्हणून त्याने तोंड मिटलं आणि पुढच्या सीटवर बसला. एक लिंबू चाकाखाली आलं. जीप गेली.

मी बराच वेळ बांधावर बसलो. अक्का तिच्या वावरातून बघत होती, आली नाही. मग मी उठून लिंबं वेचायला लागलो. एकेक उचललं, रुमालाने पुसलं, कच्ची वेगळी आणि पिकी वेगळी केली. तिसऱ्या दिवशी पाचोऱ्याची बस पकडून लेकीकडे पिकी लिंबं देऊन आलो. कच्ची लोणच्याला. कोणी आणि का तोडली ते तिला सांगितलं नाही. ती म्हणाली, आबा, यंदा लवकर आणलीत.

दुसरा टप्पा मंजूर झालाय असं ऐकतो. टेकडीवर खुणेचे दगड लागलेत. टँकर काही परत आला नाही. रोज सकाळी मी नदीत नवा झिरा उकरतो आणि जेवढे हंडे होतात तेवढे नेतो. मागची ओळ आधी.